आधी पान, मग बोट

सोमवार, सकाळचे दहा. हजर: मी, सर्व्हर आणि एक निळी वही. दाराबाहेर मालक. गैरहजर: दादा.

"आधी पान, मग बोट." कीबोर्डवर कुणाचं बोट टेकलं की दादा त्या बोटापुढे पेन्सिल आडवी धरून हे म्हणायचे. इंदूरला सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पंपांचे भाग बनतात. त्यांची ड्रॉइंग्ज सांभाळणं माझं काम, आणि ती ज्या सर्व्हरवर आहेत ते मशीन सांभाळणं दादांचं. त्या मशीनला ना माउस, ना चित्रं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. प्रत्येक हुकमाच्या माहितीचं पान मशीनमध्येच असतं. इंग्रजीत, आणि ज्याला सगळं आधीच येतं अशा माणसासाठी लिहिलेलं.

मी पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा बाहेर पडताच येईना. एस्केप दाबलं, एंटर दाबलं, पान आपलं खाली सरकतच राहिलं. आपण काहीतरी चालू केलंय आणि आता सगळं पुसलं जाणार, अशी खात्री होऊन मी मेन स्विचकडे निघाले होते. दादांनी वाटेतच अडवलं.

"कुठे ताई?"

"बंद करते. काहीतरी उडतंय!"

"अरे, पान वाचल्यानं काही उडत नाही. क्यू दाबा आणि बाहेर या. उडतं ते न वाचल्यानं."

मग त्यांनी शिकवलं. "वरून वाचू नका. वरून वाचणारे आधे रस्ते में बेहोश. खाली उदाहरणं असली तर तिथून वर या." पानातल्या चौकोनी कंसांना मी फार घाबरायची. "कंसातलं म्हणजे पोह्यांवरची शेव, ताई. हवी तर घाला. कंसाबाहेरचं म्हणजे पोहे. ते नसले तर प्लेट कशाची?"

तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, ज्याच्यावाचून काही अडत नाही असं तो असेपर्यंत वाटतं.

तर, तो सोमवार. दादा शनिवारपासून दवाखान्यात, छातीत दुखतंय म्हणून. जुनी डिस्क शुक्रवारपासून कुरकुरत होती. बारा वर्षांची ड्रॉइंग्ज तिच्यावर, दुसरी प्रत नाही. शेजारी नवी, रिकामी डिस्क जोडून ठेवलेली. आणि जायच्या आधी दादांनी वहीत लिहून ठेवलेला हुकूम: एका डिस्कवरचं सगळं दुसरीवर न्यायचं, आणि दुसरीवर जास्तीचं काही असेल तर काढून टाकायचं. दोन्ही अगदी सारख्या.

"मॅडम, हो गया क्या?" बाहेरून मालक.

"पाच मिनिटं, सर."

ओळ टाइप करून झाली. फक्त एंटर बाकी. तळहात गार पडले होते. दादांच्या हातची ओळ, तिला काय तपासायचं? पण बोटापुढे पेन्सिल आडवी आलीच. मी पान उघडलं.

पान संपता संपेना. कंसांत कंस. अर्ध्याहून जास्त कळलं नाही. पण एक गोष्ट कळली: एक शब्द जोडला तर मशीन काहीही न बदलता, काय झालं असतं तेवढंच दाखवतं. तो जोडला आणि एंटर दाबलं.

पडदा भरभर वर सरकू लागला. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला एकच शब्द: डिलीटिंग. पुढे आमच्याच ड्रॉइंगचं नाव.

मी खुर्चीची कड धरली. पानावर परत गेले, बोट ठेवून वाचलं. आधी कुठून, मग कुठे. वहीत आधी रिकामी डिस्क लिहिली होती, मग भरलेली. मशीननं भरलेली डिस्कही रिकामीसारखीच करून टाकली असती.

क्रम उलटा केला. तीनदा नुसतं दाखवायला लावलं. डिलीटिंग एकदाही आलं नाही. मग खरा एंटर. दुपारी सगळी ड्रॉइंग्ज नव्या डिस्कवर मोजून घेतली, तेव्हा कुठे हात गरम झाले.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. दादा उशीला टेकून बसले होते.

"पान वाचलं?"

"वाचलं."

"पूरा?"

"पूरा."

"फिर ठीक." मग म्हणाले, "वहीतली ओळ चालली ना? छातीत कळ येत होती, तोंडपाठ लिहून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा, पान न उघडता."

"चालली, दादा."

गुरुवारी ते गेले. जुनी इंदूरमधल्या त्यांच्या घरून येताना मी सोबतच्यांना त्या ओळीबद्दल काहीच सांगितलं नाही.

वही आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मी नसले तर कुणीही ती काढेल, दादांचं अक्षर म्हणून डोळे मिटून टाइप करेल. हा विचार आला की अजून तळहात गार पडतात. म्हणून त्याच आठवड्यात कामांच्या यादीत सातव्या नंबरला लिहिलं: वहीतली ओळ खोडणे. बाकी सगळ्यांवर टिक झाली. दर सोमवारी वही उघडते, लाल पेनाचं टोपण काढते. ते अक्षर शेवटाकडे जरा खाली घसरलेलं आहे. टोपण परत लावते.

सात नंबर बाकी आहे.