पूनमची पावलं

पिवळा झेंडा वर गेला तेव्हा आमचे चेअरमनसाहेब माझ्या शेजारी उभे राहून टाळ्या पिटत होते. त्यांची मुलगी रिया सगळ्यांच्या पुढे फिनिश लाइन ओलांडून गेली होती.

"बघितलंत मॅडम? अँकर असावी तर अशी!"

मी झेंड्याकडे बोट दाखवलं. "सर, आपण बाद झालो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच जाऊन तो झेंडा वर केला होता.

मी विरारच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. रिले म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, असं सगळ्यांना वाटतं. चार मुली, प्रत्येकीने शंभर मीटर, हातात बॅटन नावाची पोकळ नळी. शेवटच्या मुलीला अँकर म्हणतात. फोटो तिचाच निघतो, म्हणून आईबापांना आपली मुलगी अँकर हवी असते. पण शर्यत जिंकते किंवा हरते ती बॅटन देताघेताना. त्यासाठी ट्रॅकवर तीस मीटरचा पट्टा आखलेला असतो, त्याला झोन म्हणतात. बॅटन त्या पट्ट्यातच दुसरीच्या हातात पडलं पाहिजे. बाहेर पडलं की पिवळा झेंडा. मग तुम्ही पहिल्या या नाहीतर विमानाने या, उपयोग नाही.

घेणारी मुलगी एकदा सुटली की मागे वळून बघत नाही. बघितलं की वेग गेलाच. म्हणून शर्यतीआधी ती आपल्या जागेपासून मागे, टाचेला बोटं टेकवत पावलं मोजते आणि तिथे खूण करते. हा चेकमार्क. मागची मुलगी त्या खुणेवर आली की हिने सुटायचं.

आमची अँकर पूनम. जूचंद्रची, आगरी घरातली, बुटकीशी पोर. शाळेच्या मातीच्या मैदानावर चेकमार्क रांगोळीने काढायची. त्यांच्या गावात रांगोळी प्रत्येकीच्या हातात असते. पावसाळा सोडला तर रोज तिची ती पांढरी रेघ आणि तिसऱ्या नंबरच्या जेनिशाची हाक, "घेऽऽ!" दोघींचा हात असा बसला होता की मी शिटी वाजवायचीही विसरायचे. सतरा वर्षांखालच्या गटातलं पूनमचं हे शेवटचं वर्ष होतं. जिल्हा जिंकला की राज्याला जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअप झाला आणि प्रिन्सिपलसर आले. टीम मॅनेजर तेच होते.

"मॅडम, शेवटी रिया पळेल. पूनमला राखीव ठेवलंय."

"सर, रियाने जेनिशाकडून एकदाही बॅटन घेतलेलं नाही."

"अहो, नळी घ्यायची आणि पळायचं. त्यात काय एवढं सोनं लागलंय?"

"निदान तिचा मार्क तरी मोजून घेऊ द्या."

"नावं देऊन झालीत. आणि मॅडम, ट्रॅकसूट कोणी दिलेत ते विसरू नका."

कोचला ट्रॅकवर पाय ठेवता येत नाही. मी जाळीबाहेरून रियाला ओरडून विचारलं, "मार्कचं काय?" तिने अंगठा दाखवला. "पूनमने सांगितलंय, टीचर!"

रिया पूनमपेक्षा चांगली वीतभर उंच. पुन्हा ओरडले, पण तोवर लाउडस्पीकर सुरू झाला होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पिवळा झेंडा.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. चेअरमन, प्रिन्सिपल, रिया आणि दाराशी पूनम.

"या मुलीने माझ्या मुलीला मुद्दाम चुकीची पावलं सांगितली," चेअरमन म्हणाले. "जागा गेली म्हणून खुन्नस."

पूनम म्हणाली, "तिनी विचारला, मी सांगला. आपलीच टीम ना?"

मला इतका संताप आला की मी दोघींना बूट काढायला लावले आणि साहेबांच्या टेबलावरच शेजारी शेजारी ठेवले. रियाचा बूट दोन बोटं मोठा.

"सर, आकडा खरा होता. पण तो पूनमच्या पायाचा होता. वीसएक पावलांत खूण दीड हात मागे गेली. रिया तेवढी आधी सुटली, जिवाच्या आकांताने पळाली, आणि जेनिशाने तिला गाठेपर्यंत झोन संपला. हे पहिल्या आठवड्यातलं शिक्षण आहे. ते झालं नाही, कारण तुम्ही..."

"बूट खाली ठेवा, मॅडम," प्रिन्सिपल म्हणाले.

रिया रडत होती. तिला सगळं कळलं होतं. तरी बापाच्या तोंडाकडे बघत तिने आपला बूट उचलून पायात चढवला.

पूनमला शिस्तभंगाबद्दल संघातून काढलं. आठवड्याभरात शाळेच्या गेटवर बॅनर लागला. रिया फिनिश लाइनवर, दोन्ही हात वर, खाली 'आमची अभिमानास्पद धावपटू'. मी प्रिन्सिपलकडे गेले. म्हटलं, अहो, आपण बाद झालोय, थोडी तरी लाज बाळगा.

"लोकांना झोनबिन कळत नाही, मॅडम. फोटोत पुढे कोण दिसतंय?"

त्या दिवशी पूनम गेटवर भेटली. बॅनरकडे तिने बघितलंही नाही.

"टीचर, मी बरोबरच सांगला होता ना?"

"बरोबरच सांगितलं होतंस गं."

तेवढंच तिला ऐकायचं होतं. पुन्हा ती मैदानावर आली नाही. वर्ष संपलं, तिचं वय गटाबाहेर गेलं.

आता नव्या मुली आल्या की मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवते. चेकमार्क स्वतःच्या पावलांनी मोजायचा, दुसरीला विचारायचा नाही. आणि दुसरीने विचारलाच, तर सांगायचा नाही. पहिली गोष्ट कुठलाही कोच शिकवील. दुसरी मी शिकवते, आणि शिकवताना मला माझीच शिसारी येते.