चहाबरोबरची गोळी

भिमाबाई नर्स आणि मी, आमची ओळखच भांडणानं झाली, आणि पुढची अकरा वर्षं तो शिरस्ता आम्ही मोडला नाही. मी जैनोद्दीन, मलेरियाचा माणूस. घरोघर जायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर थेंब घ्यायचा आणि भिंतीवर तारीख लिहून पुढं सरकायचं, ही माझी नोकरी. ढोकीच्या अलीकडं आमचं उपकेंद्र, तिथं भिमाबाई नर्स. पाच गावं आम्हा दोघांत. पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "तुमची सुई बोथट हाय. लोक शिव्या मला देतील." सुई बोथट होतीच, पण ते कबूल करायला मी काही वेडा नव्हतो.

बाई बुटक्या, चालणं झपाझप, आवाज दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जाणारा. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. वडील खडी फोडायचे, पण पोरीला त्यांनी हट्टानं शिकवलं. पहिल्या वर्षी काही घरांनी बाईंना अंगणातूनच वाटेला लावलं. मग त्यातल्याच एका घरातलं अडलेलं बाळंतपण त्यांनी सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडली. बाई बसल्या नाहीत. "येळ न्हाय," म्हणाल्या आणि बाळाची नाळ बघून निघाल्या. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. अर्थात मी तसं बोललो नाही.

बाईंचा खरा पराक्रम लोहाच्या गोळ्यांचा. सरकारातून गरोदर बायांसाठी या लाल गोळ्या डब्यांनी यायच्या आणि बहुतेक उकिरड्यावर जायच्या. गोळीनं पोर काळं निपजतं अशी एक समजूत. दुसरी अडचण पाण्याची. दुष्काळानं विहिरी तळाला गेलेल्या, टँकरचं पाणी मचूळ. त्या पाण्याबरोबर गोळी घेतली की तोंडाला गंज चढल्यासारखं व्हायचं आणि उलटी यायची. मग बाईंनी डोकं लढवलं. सकाळी आठला साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा, तो पाचही गावांत ऐकू यायचा. त्या वेळी घरोघर चुलीवर चहा असायचा, गुळाचा, कोरा, उकळून उकळून काळा केलेला. बाईंनी नियमच घालून दिला, की भोंगा झाला की चहा, आणि चहाबरोबर गोळी. चहानं गोळीची चव दबली, भोंग्यानं आठवण राहिली. दोन वर्षांत आमच्या उपकेंद्रावर एकही गोळी उरेना. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी बाईंना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. परतताना बाई इतक्या खुशीत होत्या, की माझ्या सुईबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि मग अयोध्येचं प्रकरण झालं.

अयोध्या ही सरुबाईची सून, बब्रुवानची बायको. अंगानं काटकुळी, बोलायला कमी. पहिल्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं, की उसाचा ट्रॅक्टर रिकामा करून तिला उस्मानाबादला न्यावं लागलं. मायलेकी दोघी वाचल्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढच्या खेपेला अंगात रक्त नसेल तर बाई हाती लागायची नाही. आता तिला पाचवा महिना होता आणि दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या बांधावर, ती मातीच्या पाट्या वाहत होती. बाईंनी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. दर महिन्याला मी तिच्या बोटाला टोचायचो, थेंब टिपकागदावर घ्यायचो आणि रंगाच्या पट्टीशी ताडून बघायचो. पट्टीवर फिकटापासून गडदापर्यंत लाल रंगाचे चौकोन असतात. अयोध्येचा थेंब तीन महिने फिकटाच्या चौकोनातून हलला नाही.

सातव्या महिन्यात बाईंचा तोल सुटला. बांधावर, सगळ्या बायांच्या देखत, त्या अयोध्येला म्हणाल्या, "खोटं बोलू नको. गोळ्या कुठं टाकतीस?"

"खाती की, बाई," अयोध्या म्हणाली.

"खाल्ल्या असत्या तर रक्त कुठं गेलं? का सासू टाकायला लावती?"

सरुबाई पाटी टाकून पुढं आल्या. "आमच्या घरात खोटं बोलायची रीत न्हाय," त्या म्हणाल्या. अयोध्येनं पाटी उचलली आणि चालू लागली. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण मी पिशवीतल्या काचा मोजत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच बाई सरुबाईंच्या दारात जाऊन बसल्या. मला पंच म्हणून सोबत नेलं. भोंगा झाला. अयोध्येनं गोळी जिभेवर ठेवली, वर कपभर चहा प्याली, आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं. डब्यातल्या गोळ्याही बाईंनी मोजल्या, बरोबर होत्या. रस्त्यानं बाई पुटपुटत होत्या, "पोटात जाती, मग रक्तात का जात न्हाय?"

हाच प्रश्न त्यांनी मंगळवारच्या बैठकीत नव्या डॉक्टरांना विचारला. डॉक्टर कल्याणप्पा उमरग्याकडचे, वयानं लहान, बोलणं सावकाश.

"गोळी कशाबरोबर घेते, सिस्टर?"

"चहाबरोबर. माझ्या सगळ्याच बाया चहाबरोबर घेतात," बाई ताठ होऊन म्हणाल्या.

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. एक गोळी धुऊन तिचा लाल लेप काढला, कुटून पाण्यात विरघळवली आणि आपल्या कपातला उरलेला कोरा चहा त्यात ओतला. बघता बघता ते पाणी काळंनिळं झालं.

"चहात जो तुरटपणा असतो ना, तो लोहाला धरून ठेवतो," ते म्हणाले. "मग आतड्याला ते लोह घेता येत नाही. थोडंफार घेतलं तर घेतलं, बाकीचं जसं आलं तसं बाहेर. गोळी गिळणं एक आणि अंगी लागणं दुसरं. आंबट फळाबरोबर दिली असती तर निम्म्या गोळ्यांत काम झालं असतं."

परतीच्या पाच मैलांत बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. अकरा वर्षांत असं एकदाच घडलं. मला राहवेना. मी म्हटलं, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता? सांगा की वरून नवा हुकूम आलाय म्हणून. चूक तुमची होती हे कळलं तर उद्या लेकरांना डोस पाजायलासुद्धा कुणी दार उघडणार नाही." माझा सल्ला मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता.

"बघू," एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला आणि बांधावर भाकरीची सुट्टी झाली. चाळीसेक बाया बाभळीच्या विरळ सावलीत बसलेल्या. बाईंनी मधे काचेचा ग्लास ठेवला, त्यात गोळी विरघळवली आणि किटलीतला चहा ओतला. बाया वाकून बघू लागल्या.

"ही तर शाई," सरुबाई म्हणाल्या. "माझा बाप हिराकस अन् हिरडा घालून अशीच करायचा."

"व्हय, शाईच," बाई म्हणाल्या. "दोन वर्सं म्या तुमच्या पोटात शाई केली. चहाबरोबर गोळी घ्या म्हणून म्याच सांगितलं. चूक माझी. अन् अयोध्येला म्या सगळ्यांदेखत खोटं पाडलं. ती खरी होती, सरुबाई बी खऱ्या होत्या. म्या चुकले."

त्यांचा आवाज नेहमीसारखा दोन गल्ल्या पलीकडं जाणारा नव्हता. मी मान खाली घालून माझ्या सायकलची साखळी बघत होतो. मग बनाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, "म्हंजी बाई, सरकारच्या गोळ्या अन् आमचा गूळ, दोनी गेलं की वाया." आणि चाळीस बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंनाही हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

आता आंबट आणायचं कुठून? त्या साली लिंबू औषधाला मिळत नव्हतं. तोडगा अयोध्येच्याच ओटीत होता. माळावरच्या बोरींना दुष्काळ माहीत नसतो, आणि बाया येता-जाता बोरं वेचून खातच होत्या. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "उत्तम, लिंबापेक्षाही बरी." मग आठचा नियम मोडून बाराचा झाला. भोंगा झाला की आधी गोळी, वर मूठभर बोरं, मग भाकरी. आणि चहा दोन तास लांब. बांधावरचा चहावाला शब्बीर आठवडाभर बाईंकडं वाकड्या नजरेनं बघत होता, त्याला त्यांनी हिशेबातच घेतलं नाही.

जानेवारीत मी थेंब घेतला तेव्हा बाईंनी पट्टी बघायचं टाळलं. "तुमीच बघा," म्हणाल्या. थेंब एक चौकोन वर सरकला होता. फेब्रुवारीत आणखी एक. त्या वेळी बाईंनी पट्टी माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली, आणि मला दुसऱ्या बोटातून परत थेंब घ्यायला लावला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, अयोध्या घरीच बाळंत झाली. मुलगा. रक्त गेलं ते जाण्याइतकंच गेलं. तिसऱ्या दिवशी बाई बाळाचं वजन करायला गेल्या, काटा धरायला मी होतो. अयोध्या उठून बसली होती, गालांवर चक्क रंग होता. बाळाला झोळीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाई, एक सांगू का?"

"सांग."

"तुमी बांधावर मला खोटं म्हणलात ना, तवाच ठरवलं होतं. म्हणलं, एवढं इमानानं खाऊन खोटीच ठरायचं, तर आता खरंच टाकायच्या. तुमी दारात येऊन बसला म्हणून त्या सकाळी तेवढी खाल्ली. त्यापुढच्या टाकल्या. चुलीत. तुमी चाळीस जणीत चुकले म्हणलात, त्या दिसापस्तोर."

बाईंनी वजन वहीत लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं. मी काटा धरून उभा होतो. हुकूम आलाय म्हणून सांगा, हा सल्ला मीच दिला होता, आणि हे या घरात बाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण बोलल्या मात्र अयोध्येशी.

"बाळाच्या अंगावर ऊन येऊ दे," त्या म्हणाल्या. "अन् गोळ्या अजून तीन महिने घ्यायच्यात."