किडा जवळ आल्यावर

माणिकपूरला आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली एका इस्टेट एजंटचं ऑफिस आहे, त्यामुळे त्याचा धंदा मला नुसता ऐकून माहीत आहे. नवं गिऱ्हाईक आलं की तो सावकाश विचारतो, "कुठून आलात? चहा सांगू?" गिऱ्हाईक विकायला तयार होतंय असं दिसलं की वेग वाढतो. "सातबारा कोणाच्या नावावर, मुलं सही करतील ना, मग आजच करू ना?" मग एकदम शांतता. सही चाललेली असते.

एकदा संध्याकाळी तो गच्चीवर आला. वटवाघळांच्या हाका आपल्याला ऐकू येत नाहीत, त्या ऐकवणारं छोटं यंत्र मी लावून बसलो होतो. टक... टक... टकटकटक, टर्रर्र. मग शांतता.

"काय झालं, सर?"

"हाक किड्यावर आपटून परत येते, त्यावरून वटवाघळाला किडा कळतो. जवळ गेलं की भराभर हाका मारतं. आत्ता पकडला."

तो हसला. "किड्याला ऐकू नाही येत?"

"काही पतंगांना येतं. ते झटकन खाली पडून निसटतात. म्हणून काही वटवाघळं हळूच हाक मारतात."

"हळूच?" त्याने पुन्हा विचारलं.

सांडोरचे एक म्हातारे काका केळीची वाडी विकायचं विचारायला पूर्वी दोनदा आले होते, आणि दोन्ही वेळा बिचकून उठून गेले होते. परवा ते पुन्हा आले. मी गॅलरीतच होतो. खालून शेवटपर्यंत एकाच संथ लयीत, हलक्या आवाजात बोलणं येत राहिलं.

"घाई काही नाही, काका. चहा घ्या आधी."

मग शांतता झाली.