आबानं फिनलंडात पाणी पाजलं

“पाण्याला ढकलाय लागत न्हाई, वाट द्याय लागती.” आबा थोरवड्याचं हे बोलणं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. कुणाचं लग्न जमत नसलं, पंचायतीत भांडण पेटलं, तरी आबाचं औषध हेच.

कराडच्या खाली, कृष्णाकाठी आमचं गाव. आबाला स्वतःचं वावर नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं हंबीररावांच्या उसाला पाणी पाजलं. ज्या विहिरीच्या पायरीवर त्याच्या आजाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं, त्या विहिरीचं पाणी आबाच्या हातानं वळायचं. खोरं खांद्यावर टाकून तो बांधानं यायचा, सरीच्या तोंडाचा चिखल एका घावात कापायचा आणि मागं सरून उभा राहायचा. ह्याला आमच्याकडं दार मोडणं म्हणतात. पाणी सरीत शिरत असताना आबा बोलत नसे. देवळात उभं राहावं तसा उभा असायचा.

आम्रपाली त्याची धाकटी लेक. बी.एस्सी. झाली आणि कराडात जिनेंद्र मगदूमांच्या फोनच्या दुकानात पोरांना कॉम्प्युटर शिकवू लागली. रिकाम्या वेळी तिनं तिथं एक खेळ रचला. पडद्यावर रान, रानात पाट आणि सऱ्या. खेळणाऱ्यानं पाणी शेवटच्या सरीपर्यंत न्यायचं. अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत तिनं तो इंटरनेटवर ठेवला. पहिली पाच सोपी रानं फुकट, त्यांत पाणी आपोआप वळायचं; पुढची अवघड बारा विकत, त्यांत दारं खेळणाऱ्यानं मोडायची. अमेरिकेतली एक कंपनी गिऱ्हाइकाच्या कार्डावरून पैसे घ्यायची, की रानं थेट त्याच्या मशीनवर उतरायची. टपाल नाही आणि मधे व्यापारीही नाही.

चार महिने कुणी घेतली नाहीत. मग जानेवारीत एका बाईनं घेतली. एलिना तिचं नाव, देश फिनलंड. जिनेंद्रनं नकाशावर बोट सरकवत सरकवत पार वरच्या कडेला नेलं.

“बारा रानं गेली गं फोनच्या तारेतनं!” तो म्हणाला. “सातबारासुदिक कराय लागला न्हाई!”

दोघं हसले, आणि मग कितीतरी वेळ त्या काळ्या तारेकडं नुसते बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी बाईचं पत्र आलं. तुमचं रान बिघडलेलं आहे. मोडायला सांगता ते दार कुठंच नाही. सोमवारपर्यंत थांबते, मग परत करते.

आम्रपालीनं लिहिलेली ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना.

“पयलंच गिराईक माघारी गेलं तर मी हे मिटवणार, दादा,” ती जिनेंद्रला म्हणाली. “कारखान्यात टायपिस्टची जागा हाय. मंगळवारी जाऊन बसते.”

शनिवारी आबा बाजाराला आला तो लेकीचं तोंड बघून थबकलाच.

“काय झालं गं?”

“त्या बाईला दार गावंना, आबा. मी इंग्रजीत लिवलंय, दार मोडा म्हणून.”

“इंग्रजीत दार म्हंजे?”

आम्रपालीनं दुकानाच्या दाराकडं बोट केलं. आबानं त्या दाराची कडी बघितली, कोयंडा बघितला आणि मांडीवर थाप मारून हसत सुटला.

“आणि हे मोडाय सांगितलंस व्हय परक्या बाईला? पोलीस येतील की गं!”

“आवं आबा, माझं तेवढं ऱ्हाऊ द्या,” जिनेंद्र म्हणाला.

आम्रपालीनं कपाळाला हात लावला. मग ती समजावून लिहायला बसली. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

“सांगत बसू नगंस,” आबा म्हणाला. “दाखीव.”

त्यानं कोपऱ्यातला झाडू खांद्यावर घेतला, दोन टेबलांच्या मधून चालत आला, फरशीवर एक घाव घातला आणि मागं सरून उभा राहिला. आम्रपालीनं ते त्याच्याकडून सात वेळा करवून घेतलं. दुपार कलली तेव्हा पडद्यावर बोटाच्या पेराएवढा आबा उभा होता. बांधानं यायचा, चिखल कापायचा, मागं सरायचा. एलिनासाठी तिनं तो फुकट धाडला.

सोमवारी आबा पहिल्या एस्टीनं कराडात हजर. पत्र आलेलं होतं. आम्रपालीनं ते मराठीत करून वाचलं.

“काल बारावं रान भिजलं. माझ्या खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आहे, तळं गोठलंय. मी पाणी चालताना बघत बसले, उठवेना. आता परत करत नाही. हा माणूस कोण आहे?”



“तितं पाणी गोठतंय?” आबानं विचारलं.

“व्हय.”

“आणि आपलं चाललं?”

“चाललं, आबा.”

आबानं टोपी काढून हातात घेतली. पडद्याकडं बघत तो म्हणाला, “लिव. आबा थोरवडे. पाणी पाजतो.”

तिनं लिहिलं. ते निघून गेल्याची खात्री त्यानं दोनदा विचारून करून घेतली. मग टोपी घातली.

“जातो. दोनला लाइट येतीया, हंबीरराव खोळंबत्यात.”

पेठेच्या गर्दीतून तो एस्टी स्टँडकडं निघाला, बांधावरनं चालावं तसं पावलापुढं पाऊल टाकत, अंग जराही न डोलवता. दुकानाच्या पायरीवर उभे राहून आम्रपाली आणि जिनेंद्र ती पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.