बारीक धार

दवाखान्यात पडद्याआड डॉक्टर दादाचा पाय धूत होते. घराजवळच मोटरसायकल घसरली आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. जखमेवर सोडायच्या सलाईनची एक बाटली संपली की दुसरी लागत होती आणि खालच्या बादलीत पिवळं पाणी पडत होतं.

"हळद कोणी भरली?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनीने हात पदराखाली घेतले. आमच्याकडे रक्त दिसलं की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. तिने मूठभर दाबून भरली होती, रक्त थांबावं म्हणून.

धार इतकी बारीक का, असं मी पडद्यापाशी उभा राहून विचारलं.

"जोरात मारली तर घाण आणखी आत जाऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "पाणी किती जोराने सोडायचं, साबण वापरायचा की नाही, यावर पुष्कळ संशोधन झालंय."

"पाय राहील ना?"

"आधी स्वच्छ तर होऊ दे."

उघड्या हाडावर पाणी किती हळू सोडावं, याचा कुणीतरी बसून विचार केला आहे, याने मला जरा धीर आला. पण तो विचार पडद्याच्या आतल्या माणसासाठी होता.

बाहेर बेसिनपाशी वहिनी बोटं घासत होती. नळ पूर्ण सोडलेला, पाणी साडीवर उडत होतं.

"निघत नाही हो, भाऊजी," ती म्हणाली.

मी नळ बारीक केला आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.