माटोळीची गाठ

माझं म्हणणं चूक नव्हतं, तोंड चुकलं होतं. एवढं कबूल करायला मला वर्ष लागलं.

चवथीच्या आदल्या दिवशी पेडण्यातल्या आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावर छताला माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेली टांगायच्या. हे काम कारापूरच्या काकांचं. त्या वर्षी त्यांनी एक रानवेल मुळासकट उपटून आणली. आमच्या डोंगरावर ती आता मोजकीच उरलीय. मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझं डोकंच फिरलं. भरल्या घरात ओरडलो, "तुमच्यासारख्या अडाण्यांनीच रान खाल्लं!"

काकांनी शेवटची गाठ मारली, ते स्टुलावरून उतरले आणि न जेवता गेले. आई म्हणाली, "शिकलास खरा, पण शहाणा कधी होतलंस?" मी तिच्यावरही गुरगुरलो. खरं तेच बोललो होतो ना!

पुढच्या चवथीला काकांचा निरोप आला, गुडघा दुखतो. मग मीच माटोळी बांधायला घेतली, नायलॉनच्या दोरीने. गाठ निसटली, टांगलेला चिबूड धाडकन खाली पडला आणि फुटला. आई जमीन पुसू लागली. गुडघा हे निमित्त, काका आता या घरात कधीच येणार नाहीत, असं मला तेव्हा वाटलं. तशीच मोटारसायकल काढली.

कारापूरला काका अंगणात केवणीची साल सोलत बसले होते, माटोळीच्या दोरीसाठी. मागे कुंपणावर तीच वेल चढली होती. मी बघतच राहिलो.

"बियो लावल्यंय," ते म्हणाले. "तुजां खरां होतां रे."

त्या वेलीचं शास्त्रीय नाव मला तोंडपाठ. बी मात्र मी एकही लावलं नव्हतं. मी त्यांचे पाय धरले. "काका, माझं चुकलं. घरी चला."

ते आले. पण स्टुलावर मला चढवलं. "गुडघो खरोच दुखता. तू बांध, मी सांगतंय."

घर माणसांनी भरलं होतं. माझी एकेक गाठ चुकत होती. काका दर वेळी मला वाकायला लावत आणि कानाशी येऊन चूक सांगत, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकूच गेली नाही.