कॅमेऱ्याच्या बाजूला बघणारी मावशी

माझ्या मावशीचा पाय एका जागी ठरत नसे. ती लेखिका, पण टेबलाशी तासभर बसलेली तिला कुणी पाहिली नाही. चार ओळी लिहायच्या, खुरपं उचलायचं, गच्चीवरच्या कुंड्या उकरायच्या आणि हात न धुताच पाचव्या ओळीला भिडायचं.

त्या वर्षी मात्र तिने गच्चीवरच मुक्काम ठोकला. प्रकाशकाचा फोन आला की, "टोमॅटोला कीड लागलीय, मरायला फुरसत नाही," म्हणून ठेवून द्यायची. निदान मलपृष्ठासाठी फोटो तरी द्या, म्हणाला तो. मी फोटोग्राफर, तेव्हा काम माझ्याच गळ्यात पडलं.

"कृष्णधवल काढ गं," मावशी म्हणाली. "नखांतली माती सावली म्हणून खपेल."

स्टुलावर बसवलं. बसतेय कसली! वाळकं पान खुडायला उठली, झारी सरकवायला उठली. मी वैतागले.

"मावशी, लेन्सकडे बघ ना!"

"बघतेच आहे की!"

नव्हती बघत. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. मी जागा बदलली, तरी तेवढीच बाजूला. तिने खुडलेलं पान मी उचलून पाहिलं, तर हिरवंगार, कोवळं.

"तुला दिसत नाहीये?"

ती रिकामी झारी कुंडीत ओतत राहिली. "मधलं दिसत नाही. तुझे कान दिसतात, चेहरा नाही. लिहिलेली ओळ तर नाहीच. कुणाला बोलू नकोस. लोक आधी कीव करतात, मग वाचतात."

मी तिला ओढतच डॉक्टरकडे नेलं. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवू, असं ते म्हणाले. बाहेर पडताना तिने माझा दंड घट्ट धरला होता. रडली नाही, घरी येईपर्यंत मलाच झापलं.

मी म्हटलं, "तू सांग, मी लिहिते."

"मला तोंडाने लिहिता येत नाही!"

यावरून आमचं खूप वाजलं. मग एकदा कुंडी हलवताना ती एक वाक्य सहज बोलून गेली. मी टिपलं, वाचून दाखवलं.

"भिकार आहे," ती म्हणाली, आणि लगेच दुरुस्त करून सांगितलं. त्यामागून दुसरं आलं.

पुस्तक निघालं. फोटो बघून प्रकाशक म्हणाला, "काय चिंतनशील नजर आहे!" मावशी पोट धरधरून हसली.

सध्या पुढचं चालू आहे. ती गच्चीभर फिरत बोलते, मी मागून लिहीत धावते. मध्येच गर्रकन वळते.

"काय म्हणाले मी?"

मी वाचते.

"खोड ते!"